किरणोपचार : समज, गैरसमज आणि अपेक्षा

(श्रींच्या वर्धापनोत्सवानिमित्त सभामंडपात महाजन कुटुंबीयांसमोर दिलेले व्याख्यान)



वर्धापनोत्सवाच्या या व्याख्यानमालेत आजवर कीर्तनकार, पुराणिक आणि इतिहाससंशोधक यांनी आपणांस उपकृत केले आहे. त्यांच्या मालिकेत एका सेवानिवृत्त कारकुनाने उभे राहावे आणि त्यानेही कर्करोगासारखा विषय घ्यावा, हे काहींना विचित्र वाटेल. मंगल प्रसंगी असे अमंगळ नाव कशाला, असे एका वयोवृद्ध महाजनांनी मला विचारलेही. त्यांना मी इतकेच म्हटले की, ज्या रोगाचे नाव आपण माजघरात कुजबुजत घेतो, तो रोग आपल्या कुजबुजण्याने मागे हटत नाही. उलट त्याला आणखी चार महिने मिळतात. देवाच्या मंडपात सारी कुटुंबे एकत्र बसतात. मग जे सर्वांच्या उपयोगाचे आहे ते येथे नाही बोलायचे तर कोठे बोलायचे?

मी वैद्य नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करतो. माझे आयुष्य कचेरीतील नोंदवह्यांत गेले. परंतु माझ्या थोरल्या बंधूंना घशाचा कर्करोग झाला तेव्हा मुंबईच्या मुक्कामात, उपचाराच्या पस्तीसही दिवशी, मी त्यांच्या सोबतीला होतो. त्या काळात डॉक्टरांना, यंत्र चालविणाऱ्या तंत्रज्ञांना आणि भौतिकतज्ज्ञांना जे विचारले आणि पुढे जे वाचले, ते आपल्यासमोर ठेवतो. कोणत्या रुग्णाला कोणता उपचार द्यावा हे मी सांगणार नाही. ते सांगणे डॉक्टरांचे काम. हा उपचार म्हणजे काय आणि तो घेणाऱ्याने कशाची अपेक्षा ठेवावी, एवढाच माझा विषय.

आपल्याकडे या उपचाराला कोणी ‘शेक’ म्हणतात, कोणी ‘लाईट’, तर कोणी ‘करंट’. या तिन्ही शब्दांत भीती आहे आणि तिन्ही शब्द चुकीचे आहेत. यात शेकले जात नाही, प्रकाश दिसत नाही आणि विजेचा झटकाही बसत नाही. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि अंगाला जाणवतही नाहीत.

त्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म रोंटगेन या शास्त्रज्ञाला क्ष-किरणांचा शोध लागला. लिसेंवात शिकलेल्या माझ्यासारख्यांनी ‘रायुश शीश’ या पोर्तुगीज नावाने त्यांची पहिली ओळख करून घेतली. पुढल्याच वर्षी पॅरिसमध्ये आंरी बेकरेल यांना युरेनियमचे किरण सापडले आणि १८९८ साली मारी व पिएर क्युरी या दांपत्याने रेडियम शोधले. १९०१ साली बेकरेल यांनी रेडियमची एक नळी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली असता काही दिवसांनी तेथील कातडी भाजल्यासारखी झाली. पिएर क्युरी यांनी तर मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम ठेवून तीच जखम करून घेतली. जो पदार्थ निरोगी कातडीवर असा परिणाम करतो, तो रोगट गाठीवर का चालवू नये, असा विचार वैद्यांच्या मनात आला. या विद्येचा उगम असा आहे. त्याची किंमतही त्या पिढीने मोजली. मारी क्युरी १९३४ साली रक्ताच्या ज्या विकाराने निवर्तल्या, त्याचे कारण त्यांनी आयुष्यभर अंगावर घेतलेले किरण होत, असे मानले जाते. त्यांच्या अनुभवातूनच पुढे सुरक्षिततेचे नियम झाले.

आता हे किरण करतात काय? आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीच्या केंद्रात डी.एन.ए. नावाचा एक लांब धागा असतो. पेशीने कसे वागावे आणि केव्हा विभागावे याचे सारे लेखन त्या धाग्यात असते. कर्करोगाच्या पेशी म्हणजे त्या लेखनात बिघाड होऊन थांबण्याचा नियम विसरलेल्या पेशी. किरण पेशीतून जातात तेव्हा ते हा धागा तोडतात. काही वेळा थेट, तर बहुतेक वेळा पेशीतील पाण्याच्या रेणूंचे विघटन करून. धाग्याचे दोन्ही पदर एकाच जागी तुटले की दुरुस्ती कठीण होते. अशी पेशी तत्काळ मरत नाही. ती पुढल्या वेळी विभागू पाहते तेव्हा मोडते. म्हणून पहिल्या आठवड्यात गाठ तेवढीच दिसली तरी निराश होऊ नये. पुष्कळदा ती उपचार संपल्यानंतरही कित्येक आठवडे लहान होत राहते.

येथे कोणीही विचारील, की मग निरोगी पेशींचे काय? त्यांचेही धागे तुटतातच. परंतु निरोगी पेशीला आपली मोडतोड दुरुस्त करण्याची कला अधिक चांगली साधलेली असते. तिला काही तासांची उसंत मिळाली की ती बरीचशी सावरते. रोगट पेशीला तेवढे साधत नाही. पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर प्रयोग करून दाखविले की, एकाच वेळी मोठी मात्रा दिली तर वरची कातडी जळते. तीच मात्रा विभागून दिली तर कातडी टिकते आणि आतल्या भराभर विभागणाऱ्या पेशी मात्र नष्ट होतात. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हा धडा घशाच्या रोग्यांना लागू केला. आज रुग्णाला पाच-सात आठवडे रोज का बोलावतात याचे उत्तर या प्रयोगात आहे. डॉक्टर वेळ काढीत नाहीत. निरोगी भागाला श्वास घ्यायला अवधी देतात.

या मात्रेला माप आहे. त्याला ‘ग्रे’ म्हणतात. बंधूंच्या उपचारपत्रावर रोज दोन ग्रे, सोमवार ते शुक्रवार, अशा पस्तीस नोंदी व्हायच्या होत्या, म्हणजे एकूण सत्तर ग्रे. कारकुनाच्या डोळ्याला ते पत्र खतावणीसारखे दिसले : रोजची जमा आणि खाली चढती बेरीज. मात्र सर्वांचे हिशेब सारखे नसतात. स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर आता पुष्कळ ठिकाणी पंधरा दिवसांचा उपचार पुरतो आणि निवडक रुग्णांना पाच दिवसांतही तो देतात. ब्रिटनमधील एका मोठ्या अभ्यासाचे तसे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. रोग हाडात जाऊन असह्य वेदना होत असतील, तर आठ ग्रेच्या एकाच बैठकीने अनेकांना आराम पडतो. म्हणून ‘शेजारच्या बाईंना पंधराच दिले, मला पस्तीस का’ असे विचारून मन कष्टी करू नये.

यंत्रांविषयी दोन शब्द. १९५१ साली कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे यंत्र प्रथम रुग्णांसाठी वापरले गेले आणि १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात रेखीय प्रवेगकाने, म्हणजे लिनिअर ॲक्सिलरेटरने, उपचार सुरू झाले. कोबाल्टचा जोर सव्वापाच वर्षांत निम्मा होतो, म्हणून तो बदलावा लागतो. प्रवेगकात असा कोणताही धातू नसतो. विजेच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनना प्रचंड वेग देऊन ते धातूच्या पत्र्यावर आदळवितात व त्यातून किरण निघतात. कळ बंद केली की किरण संपले. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ नावाचे कोबाल्ट यंत्र देशातच विकसित केले आणि भारताने ते व्हिएतनामसारख्या देशालाही भेट दिले, ही अभिमानाची गोष्ट होय. खारघर येथील टाटा केंद्रात २०२३ सालापासून प्रोटॉन किरणांचीही सोय झाली आहे. ती विशेषतः लहान मुलांच्या आणि नाजूक जागांच्या गाठींसाठी उपयोगी आहे. परंतु बहुसंख्य रुग्णांचे काम साध्या प्रवेगकाने उत्तम होते.

परळच्या ज्या टाटा स्मारक रुग्णालयाचे दरवाजे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले, त्याच्याशी आपल्या गोमंतकाचे नाते जुने आहे. ते ज्या रस्त्यावर उभे आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय शल्यविशारदांचे नाव आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

आता प्रत्यक्ष उपचार कसा होतो ते सांगतो, कारण न पाहिलेल्या गोष्टीचे भय अधिक असते. पहिल्या भेटीत लगेच यंत्राखाली घेत नाहीत. तोंडाचा वा घशाचा रोग असेल तर आधी दंतवैद्याकडे पाठवितात. किडलेले दात तेव्हाच काढून जखम भरू द्यावी लागते. कारण उपचारानंतर त्या जबड्याचा रक्तपुरवठा कमी होतो आणि दात काढल्यास हाड सडण्याचा धोका असतो. पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर ‘मला येथे किरण दिले आहेत’ असे दंतवैद्याला आवर्जून सांगावे. मग गरम पाण्यात मऊ केलेल्या जाळीदार पत्र्याचा चेहऱ्याबरहुकूम मुखवटा करतात. त्यामुळे डोके रोज त्याच स्थितीत राहते. छातीच्या किंवा पोटाच्या रोगात कातडीवर शाईच्या खुणा करतात. त्या घासून काढू नयेत. त्यानंतर सी.टी. स्कॅन काढून डॉक्टर आणि भौतिकतज्ज्ञ संगणकावर आखणी करतात. किरण कोणत्या कोनातून यावेत, गाठीला किती मिळावेत, आणि पाठीचा कणा, डोळे, लाळेच्या ग्रंथी कशा वाचवाव्यात, हे सारे त्यात ठरते. या आखणीला काही दिवस लागतात. तो कालापव्यय नव्हे.

प्रत्यक्ष बैठक पंधरावीस मिनिटांची, आणि किरण सुरू असतात ती त्यातली थोडीच मिनिटे. रुग्ण खोलीत एकटा असतो, परंतु तंत्रज्ञ बाहेरून पडद्यावर त्याला पाहत असतात. हात वर केला तर यंत्र थांबवितात. बंधू पहिल्या दिवशी बाहेर आले ते ‘अजून सुरू का नाही केले?’ असे विचारीतच. त्यांना काही कळलेच नव्हते.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरच्या किरणांबरोबर आतूनही उपचार करतात. पूर्वी रेडियमच्या नळ्या ठेवून स्त्रियांना दिवस-दिवस निजवून ठेवावे लागे. आता भूल देऊन पोकळ नळ्या बसवितात आणि इरिडियमचा इवलासा कण यंत्राने त्यांत जाऊन काही मिनिटांत आपल्या पेटीत परत येतो. १९९९ सालापासून या उपचाराला आठवड्यातून एकदा औषधाच्या सलाईनची जोड देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. माझ्या भगिनींना माझी विनंती आहे की, अवेळी रक्तस्राव किंवा पाळी गेल्यावर पुन्हा दिसलेला डाग ही लाजेची बाब समजू नये. हा रोग लवकर ओळखला तर पुष्कळदा पूर्ण बरा होतो.

त्रास होतो की नाही? होतो, आणि तो आधी सांगितलेला बरा. किरणांचा त्रास बहुतांशी जेथे किरण दिले तेथेच होतो. छातीवर किरण घेतलेल्या बाईचे डोक्यावरचे केस जात नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात थकवा येतो आणि कातडी उन्हाने रापल्यासारखी लाल-काळी होते. तोंड-घशाच्या रुग्णांना तोंड येते, लाळ चिकट होते, चव जाते आणि गिळणे अवघड होते. ओटीपोटावर उपचार असल्यास जुलाब आणि लघवीची जळजळ संभवते. हा त्रास शेवटच्या आठवड्यात आणि त्यानंतरचे एक-दोन आठवडे सर्वाधिक असतो. पुढे चार-सहा आठवड्यांत हळूहळू ओसरतो. काही गोष्टी मात्र मागे राहतात. बंधूंचे तोंड अजून कोरडे असते, पाण्याची बाटली त्यांच्या पिशवीत सदैव असते आणि आवाज थोडा घोगरा झाला आहे. परंतु त्याच आवाजात ते आज आरतीला उभे राहतात.

घरच्यांनी काय करावे? कोमट पाण्याने अंग धुवावे, घासू नये. त्या जागी चंदन, हळद, तेल, उटणे, सुगंधी पावडर यांपैकी काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. सैल सुती कपडे वापरावेत, उन्हापासून जपावे. तोंड मिठा-सोड्याच्या पाण्याने वारंवार धुवावे. आपली उकड्या तांदळाची पेज, आटवल, मऊ भात, दही, अंडे, बिनतिखटाची मासळी हे अशा वेळी औषधासमान. वजन घटू न देणे हा उपचाराचाच भाग आहे. वजन फार उतरले तर मुखवटाही सैल होतो. अगदीच गिळवेना तर नाकातून नळी घालून अन्न देतात. तिला अखेरची खूण समजू नये, ती तात्पुरती कुबडी आहे. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा. तंबाखू, विडी, तपकीर आणि मद्य पूर्ण बंद. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत किरणांचा परिणाम कमी होतो, कारण किरणांना आपले काम करण्यास रक्तातला प्राणवायू लागतो.

आता त्या गैरसमजाकडे वळतो, ज्यामुळे रोगाहून अधिक दुःख होते. बाहेरून किरण घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरण बाहेर पडतात, असे समजून त्याचे ताट-पेला वेगळा करतात, नातवंडांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत. हे सर्वस्वी निराधार आहे. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड साठून राहत नाही, तसेच हे आहे. आतून दिलेल्या इरिडियमचा कणही परत पेटीत जातो. अपवाद थोडे आहेत. कंठग्रंथीच्या म्हणजे थायरॉईडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडीन पोटात देतात. तेव्हा काही दिवस रुग्णाला वेगळे ठेवतात व घरी आल्यावर मुलांपासून आणि गरोदर स्त्रियांपासून किती दिवस दूर राहावे हे लिहून देतात. काही रोगांत किरणोत्सारी कण कायमचे आत बसवितात. तेव्हाही डॉक्टरांच्या सूचना पाळाव्यात. इतर साऱ्या रुग्णांजवळ खुशाल बसावे, त्यांना जेवायला वाढावे, त्यांच्या मांडीवर नातवंड द्यावे. कर्करोग स्पर्शाने लागत नाही. आपल्या धर्मात सुतकालाही मुदत असते. निरपराध आजारी माणसावर आपण बेमुदत सुतक लादावे काय?

आणि आता ज्या एका गोष्टीसाठी मी आज येथे उभा राहिलो, ती सांगतो. आरंभिलेला उपचार अर्धवट सोडू नका.

रुग्णालयाच्या पडवीत आमच्या शेजारी सीमाभागातील एक शेतकरी रोज बसत असत. अठराव्या बैठकीनंतर त्यांची गाठ दिसेनाशी झाली, घास उतरू लागला. तोंडाची आग मात्र वाढली होती आणि गावी पेरणीचे दिवस होते. ‘गाठ गेली, आता उगीच कशाला जाळून घ्यायचे?’ असे म्हणून ते निघून गेले. तीन-चार महिन्यांनी बंधूंच्या तपासणीसाठी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा ते तेथेच भेटले. गाठ परत आली होती आणि या वेळी डॉक्टरांच्या हाती फारसे उपाय नव्हते. याचे कारण समजून घ्या. डोळ्यांना गाठ दिसेनाशी होते तेव्हाही लक्षावधी पेशी शिल्लक असतात. आणि उपचाराच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर उरलेल्या पेशी पूर्वीहून वेगाने वाढू लागतात. म्हणून मध्ये पडलेला खंड नंतर दिवस वाढवून पूर्णपणे भरून निघत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात आतला व बाहेरचा सारा उपचार आठ आठवड्यांत संपवावा असा दंडक आहे, तो याचसाठी.

आपल्या घरांत खंड पडण्याची कारणे ठरलेली आहेत : चवथ, जत्रा, लग्नकार्य, वर्षश्राद्ध. देव काही आपल्याला उपचार टाकून पालखीला या असे म्हणत नाही. श्रींना प्रसाद लावण्याची आपली परंपरा आहे आणि ती मलाही पूज्य आहे. धैर्यासाठी जरूर प्रसाद लावा. परंतु ‘उपचार पुढल्या महिन्यात घेऊ का’ हा प्रश्न देवापुढे ठेवून देवावर आपल्या भीतीचा भार घालू नका.

कारणांत आणखी एक आहे, आणि ते आपल्या हातचे आहे. माणसे त्रासाने जेवढी परततात, तेवढीच मुक्कामाच्या खर्चाने आणि एकटेपणाने परततात. उपचार पंधरा मिनिटांचा आणि मुक्काम दोन महिन्यांचा! दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, वांद्र्याचे डॉ. बोर्जिस स्मृतिगृह अशा संस्था कर्करुग्णांना आसरा देतात. परंतु गरजू फार आणि खोल्या थोड्या. २०१६ सालापासून असलेली गोवा शासनाची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिचे कागद आजारापूर्वीच तयार ठेवावेत, हा एका कारकुनाचा सल्ला समजावा.

आपल्या पूर्वजांनी देवालयाभोवती अग्रशाळा बांधल्या, त्या परगावाहून येणाऱ्या कुळाव्याला रात्री छप्पर असावे म्हणून. त्याच भावनेने व्यवस्थापक समितीपुढे तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली : उपचारासाठी मुंबईस वा बेळगावास जाणाऱ्या महाजन कुटुंबासाठी मुक्कामाचा एक लहानसा निधी असावा. दुसरी : तेथे राहणाऱ्या आपल्या महाजनांपैकी कोण आठवड्यातून एक दिवस सोबतीला जाऊ शकेल, कोण रक्त देऊ शकेल, कोण डबा पोहोचवील, याची एक वही कचेरीत ठेवावी. ती लिहिण्याचे काम मी आनंदाने करीन. अक्षर अजून वाचण्याजोगे आहे. तिसरी : ज्यांनी हा उपचार पुरा केला आहे त्यांनी आपले नाव त्या वहीत नोंदवावे, म्हणजे नव्याने जाणाऱ्याला दोन धीराचे शब्द अनुभवी तोंडून ऐकता येतील. शंभर डॉक्टरांनी सांगितलेले एकीकडे आणि ‘मी पस्तीस घेतले, तूही घेशील’ हे आपल्या माणसाने सांगितलेले एकीकडे.

प्रत्येक रोगी बरा होईल असे आश्वासन मी देऊ शकत नाही. कोणीच देऊ शकत नाही. परंतु वेळेवर सुरू केलेला आणि शेवटपर्यंत नेलेला उपचार व्यर्थ जात नाही. तो रोग मुळासकट नाहीसा करतो, निदान वेदना तरी हलकी करतो.  श्रींच्या कृपेने त्या वहीची पाने फार भरू नयेत, आणि जी भरतील त्यांतील प्रत्येक नोंद अखेरपर्यंत पुरी व्हावी, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.